वाळीत टाकल्याचा पुरावा

रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीच्या समोर, माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. सातबारा, वारसनोंद, उत्पन्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र... सकाळी दहापासून लोक हातात पिशवी धरून उभे असतात. अर्ज टाइप करता करता घरोघरची भांडणं कळतात. नको तेवढी कळतात. त्यातूनच मी आमच्या गटात ओढला गेलो.

गट म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक असलेले आमचे गुरुजी, तालुका कोर्टात वकिली करणाऱ्या वकीलताई, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टरकाका, कॉलेजची तीन-चार मुलंमुली आणि मी. नोंदणी नाही, बँकेत खातं नाही, कार्यालय नाही. मानवी हक्कांसाठी काम करणारी संघटना म्हटली की लोकांना दिल्ली-मुंबईची ऑफिसं आणि परदेशी पैसा आठवतो. आमचा सगळा जमाखर्च माझ्या गल्ल्यातल्या एका डायरीत मावतो. स्टेशनरी, टपाल, पेट्रोल. संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढलं की बैठक सुरू. समोरच्या टपरीवरून चहा येतो आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे यावर आमचा सगळ्यात जुना वाद आहे, तो अजून मिटलेला नाही.

आमच्याकडे प्रकरणं तऱ्हेतऱ्हेची येतात, पण सगळ्यात जास्त येतात ती वाळीत टाकल्याची. गावकीनं एखाद्या घराशी व्यवहार तोडायचा, बोलणाऱ्याला दंड करायचा, लग्न-मयताला कोणी जायचं नाही. शहरातल्या माणसाला हे जुन्या काळातलं वाटतं. आमच्या भागात ते काल-परवाचं आहे. त्यातलं एक प्रकरण सुरुवातीपासून आजपर्यंत कसं चाललं ते इथे लिहितो आहे. गावाचं नाव देत नाही. त्या घरानं सांगितलं तेवढंच लिहितो, आणि लिहिण्याआधी त्यांना वाचून दाखवलं आहे.

घर दोन भावांचं. भातशेती, थोडी वाल-पावट्याची रब्बी, धाकटा एका कंपनीत कंत्राटी कामाला. गावदेवीच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला, घरटी वर्गणी ठरली. यांनी ती भरली. पुढे काम रेंगाळलं तेव्हा थोरल्यानं गावकीच्या बैठकीत उभं राहून विचारलं, "जमा किती, खर्च किती, एकदा वाचून दाखवा." एवढंच. गावपंचांना ते लागलं. देवाच्या पैशावर संशय घेतला म्हणून दंड ठोठावला. थोरला म्हणाला, दंड कशाचा, मी प्रश्न विचारला. झालं, घर वाळीत.

थोरला दुकानात आला तो वेगळ्याच कामाला, पीककर्जाच्या कागदासाठी. अर्जावर जामीनदाराची सही हवी होती आणि गावातलं कोणीच सही देईना, म्हणून तालुक्याच्या गावात कोणी ओळखीचं मिळतं का ते बघायला आला होता. बोलता बोलता सगळं निघालं. मी गुरुजींना फोन लावला.

अशा वेळी आमची एक पद्धत ठरलेली आहे. पहिल्या भेटीत कायदा काढायचा नाही, पत्रकाराला कळवायचं नाही, फोटो घ्यायचा नाही. आधी फक्त ऐकायचं, आणि शेवटी एकच विचारायचं की तुम्हाला काय हवं आहे. उत्तरं ऐकून नवख्या मुलांना धक्का बसतो. त्यांना वाटतं, माणूस म्हणेल त्यांना तुरुंगात टाका. थोरला म्हणाला, "पालखी दारात यावी." त्याची आई, ऐंशीच्या पुढची, भिंतीला टेकून बसली होती, ती म्हणाली, "मी गेले की खांदा द्यायला चार माणसं आली पाहिजेत." आणि वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, म्हणाली, "मला हिशोब हवा." तिच्याकडे तेव्हा आम्ही कोणी फारसं लक्ष दिलं नाही. पुढे मात्र तिनेच सगळ्यांना लक्ष द्यायला लावलं.

आता अडचण अशी की वाळीत टाकण्याचा पुरावा काय? मारहाण झाली तर जखम असते, चोरी झाली तर वस्तू गेलेली असते. इथे जे घडतं ते न घडण्यातून घडतं. दुकानदार "माल संपलाय" म्हणतो. रिक्षावाला "भरलीय" म्हणतो. हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही. लावणीच्या दिवसांत एकमेकांच्या शेतात जायची पद्धत आहे, तर यांच्या शेतात कोणी उतरत नाही आणि प्रत्येकाला काही ना काही कारण असतं. एकेक गोष्ट सुटी धरली तर पोलीस काय, तुम्ही-आम्हीही म्हणू की चालायचंच.

म्हणून आम्ही वही ठेवायला सांगतो. वकीलताईंनी रकाने आखून दिले: तारीख, वार, वेळ, जागा, कोण, काय बोललं, तिथे आणखी कोण होतं. आपलं मत लिहायचं नाही, वाईट वाटलं, अपमान झाला असलं काही लिहायचं नाही, घडलं तेवढं लिहायचं. हे काम वहिनीनं अंगावर घेतलं. दहावीपर्यंत शिकलेली, अक्षर गोल. मुलाच्या भूगोलाच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं तिनं वापरली. त्यातली एक नोंद मला अजून पाठ आहे. "सोमवार, सकाळी साडेदहा. तांदूळ दळायला गिरणीवर गेले. पट्टा चालू होता. मला बघून बंद केला. लाईट गेली म्हणाला. वर बल्ब जळत होता." वकीलताईंनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, मी वीस वर्षं अर्ज लिहितेय, मला असं लिहिता येत नाही.

वही भरत असताना दुसरीकडे आम्ही कागद शोधत होतो. दंडाची पावती गावकी कधी देत नाही. दंड घेतात आणि पावती देणगी म्हणून फाडतात. थोरल्याच्या आईला दवाखान्यात नेताना एका शेजाऱ्यानं मोटारसायकलवर बसवलं, तर त्याच्याकडून गावकीनं पैसे घेतले आणि "मंदिर देणगी" अशी पावती दिली. तारीख आईच्या केसपेपरशी जुळत होती. पण शेजारी साक्ष द्यायला तयार नव्हता, आणि आम्ही त्याला आग्रह केला नाही. त्याला त्याच गावात राहायचं होतं.

कागद मिळाला तो मुंबईहून. कोकणातल्या गावांचं अर्धं सरकार मुंबईत असतं. चाकरमान्यांचं मंडळ, त्यांची बैठक, त्यांची वर्गणी, आणि आता त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. या घराला ग्रुपमधून काढलं होतं, पण डोंबिवलीला राहणारा त्यांचा भाचा आजोळच्या ग्रुपमध्ये राहून गेला होता. त्याच्या मोबाइलवर गावपंचांपैकी एकाचा मेसेज होता: अमुक घराशी कोणी संबंध ठेवल्यास ५,००१ रुपये दंड, हुकमावरून. खाली अंगठे आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग. कंडक्टरकाका म्हणाले, "पूर्वी दवंडी पिटायचे, त्याला पुरावा नसायचा. बरं झालं मोबाइल आले." मुलांनी लगेच स्क्रीनशॉट काढून प्रिंट मारली. वकीलताईंनी थांबवलं. नुसती प्रिंट कोर्टात टिकत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्या भाच्याला आम्ही निक्षून सांगितलं: मोबाइल विकू नकोस, चॅट पुसू नकोस, ग्रुप सोडू नकोस आणि त्यावर काही बोलूही नकोस. चौथी गोष्ट त्याला सगळ्यात जड गेली.

कायद्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं त्यावाचून कळणार नाही. बहिष्काराची चर्चा आपल्याकडे जुनी आहे, आणि आमच्या जिल्ह्यात तर विशेष. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहानंतर दलितांवर गावोगाव बहिष्कार पडले. मुंबई सरकारनं १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत डॉ. आंबेडकर सदस्य होते. त्या समितीच्या १९३० च्या अहवालात नोंद आहे की कोणी जमीन घेतली, चांगले कपडे घातले, नवरदेव घोड्यावरून मिरवला, एवढ्यावरून कडक बहिष्कार पुकारले गेले, वहिवाटीचे रस्ते बंद झाले आणि दुकानदारांनी सामान देणं थांबवलं. गुरुजी हा उतारा बैठकीत वाचून दाखवतात तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती गिरण येते. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यानं १९४९ साली बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये तो रद्द ठरवला. तो निकाल पुन्हा तपासायचा प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. १९६२ नंतर पन्नास वर्षांहून जास्त काळ वाळीत टाकलेल्या माणसासाठी वेगळा कायदा नव्हता. पोलिसांना वाटलं तर ते धमकी, खंडणी अशी कलमं ओढूनताणून लावायचे.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं (अंनिस) २०१३ पासून जातपंचायतींविरुद्ध मूठमाती अभियान चालवलं, आमच्या जिल्ह्यातली प्रकरणं वर्तमानपत्रांत आणि उच्च न्यायालयात गाजली, आणि विधिमंडळानं १३ एप्रिल २०१६ रोजी सामाजिक बहिष्काराविरुद्धचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ मध्ये कायदा लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र, पण जामीनपात्र. पीडिताला पोलिसांकडे जाता येतं किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. वाळीत टाकण्यासाठी बैठक भरणार असल्याचं कळलं तर जिल्हाधिकारी ती रोखू शकतात. कागदावर चांगला कायदा आहे. आमचं निम्मं काम, हा कागद आहे असं लोकांना सांगणं. त्या लोकांत खाकी वर्दीतलेही आले.

पण पोलिसांकडे जायच्या आधी गुरुजी गावात गेले. हा त्यांचा हट्ट असतो. वकीलताईंना तो पटत नाही, कारण त्यात समोरचे सावध होतात. मला दोघांचंही पटतं, म्हणून माझ्या मताला किंमत नाही. गुरुजींबरोबर मी गेलो. गावपंचांनी आदरानं बसवलं, सरबत दिलं. समोरच्या भिंतीवर तंटामुक्त गाव म्हणून मिळालेलं प्रमाणपत्र, काचेच्या फ्रेममध्ये. मुख्य पंच म्हणाले, "गुरुजी, आम्ही कुठे वाळीत टाकलंय? ज्याला बोलायचं तो बोलतो, नाही बोलायचं तो नाही बोलत. बोला म्हणून जबरदस्ती करायची का?"

मग ते जरा मोकळे झाले आणि त्यांनी जे सांगितलं ते मी विसरलेलो नाही. त्यांचे आजोबा चरीच्या संपात होते. नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून अलिबाग तालुक्यातल्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. करवंदं विकली, लाकडं फोडली, पण कोणी फुटलं नाही. "ती एकी होती म्हणून खोत नमला," पंच म्हणाले. "एकी मोडणाऱ्याला मोकळं सोडलं की गाव संपलं." परतीच्या वाटेवर गुरुजी बराच वेळ गप्प होते. त्या बोलण्यात तथ्य नाही असं म्हणता येत नाही. गावकी नसती तर कोकणातली कितीतरी गावं खोतांनी आणि पुढे जमीन-दलालांनी कधीच गिळली असती. पण खोताविरुद्ध वापरलेलं हत्यार हिशोब मागणाऱ्या भावकीतल्या माणसावर चालवायचं, हे त्या आजोबांना चाललं असतं का, हे विचारायला हवं होतं, असं गुरुजी घाटावर पोचल्यावर म्हणाले. मी म्हटलं, चला परत. ते हसले.

पोलीस ठाण्यात थोरला, वहिनी, वकीलताई आणि मी. ठाणे अंमलदारांनी ऐकून घेतलं. "मारहाण केली का? शिवीगाळ? मग यात गुन्हा कुठला? एन.सी. घेतो." एन.सी. म्हणजे अदखलपात्र नोंद, तिच्यावर पोलीस आपणहून तपास करत नाहीत. तक्रारदाराच्या हातात एक कागद पडतो आणि त्याला वाटतं काम झालं. इथेच बहुतेक प्रकरणं संपतात. आम्ही कायद्याच्या मराठी प्रती नेहमी बरोबर नेतो, स्टेपल केलेल्या, महत्त्वाच्या ओळींवर पिवळा मार्कर. अंमलदारांनी पानं उलटली आणि प्रामाणिकपणे सांगितलं की हा कायदा ते पहिल्यांदाच बघत आहेत. मी त्यांना दोष देत नाही. बंदोबस्त, अपघात, मटका यांतून त्यांना हे कोण शिकवणार? साहेब आल्यावर या म्हणाले. साहेब आले तेव्हा म्हणाले, गावचं भांडण आहे, गावात मिटवा, पुढच्या महिन्यात जत्रा आहे.

वकीलताई आवाज चढवत नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी २०१३ मध्ये तसं ठरवलंय. मग आम्ही तक्रार लेखी दिली आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. पोच म्हणजे ठाण्याचा शिक्का, तारीख, सही. कोणत्याही नवख्या कार्यकर्त्याला मी एवढंच सांगेन की भाषण आलं नाही तरी चालेल, पोच घेता आली पाहिजे. शिक्का सापडत नाही, शिक्का असलेले साहेब जेवायला गेलेत, उद्या या, ही सगळी उत्तरं ऐकून बाकावर बसून राहायचं. वहिनी डबा घेऊनच आली होती. तिनं तिथेच भाकरी-चटणी सोडली, महिला शिपायालाही दिली. संध्याकाळी शिक्का सापडला.

तरी गुन्हा नोंदवला गेला नाहीच. मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं अर्ज. सोबत वहीतल्या नोंदींची टाइप केलेली प्रत, ग्रुपवरचा मेसेज, केसपेपर. काही दिवसांनी उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांनी थोरल्याला बोलावून घेतलं, स्वतः वही वाचली आणि गुन्हा दाखल झाला. वहीतली कुठली नोंद त्यांनी दोनदा वाचली ते वहिनीनं सांगितलं. गिरणीचीच.

आपण जिंकलो असं मुलांना त्या रात्री वाटलं. दुसऱ्या दिवशी पंच हजर झाले, जामीनपात्र गुन्हा असल्यामुळे तिथल्या तिथे जामिनावर सुटले, आणि गावात परतल्यावर देवळासमोर फटाके वाजले. बहिष्कार सैल व्हायच्या ऐवजी आवळला. आधी लपूनछपून बोलणारी दोन घरंही गप्प झाली. त्या गावचे लोक माझ्या दुकानात यायचे थांबले. दोनशे मीटरवर दुसरं झेरॉक्सचं दुकान आहे, त्याचा धंदा वाढला. धाकट्या भावानं थोरल्याला विचारलं, तू हे कशाला काढलंस, आणि घरातच चूल वेगळी व्हायची वेळ आली. गुन्हा दाखल झाल्यानंतरचे हे महिने सगळ्यात वाईट असतात आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. वर्तमानपत्रात "गुन्हा दाखल" एवढी बातमी येते आणि वाचणाऱ्याला वाटतं आता न्याय मिळेल.

त्याच दिवसांत आमच्यातल्या एका मुलीनं पोस्टकार्डांची कल्पना काढली. गुरुजींनी तिला कधीतरी ॲम्नेस्टीची गोष्ट सांगितली होती: लंडनच्या पीटर बेनेनसन नावाच्या वकिलानं १९६१ मध्ये ऑब्झर्व्हर या वर्तमानपत्रात विस्मृतीत गेलेल्या कैद्यांवर लेख लिहिला, आणि त्यातून साध्या माणसांनी अनोळखी कैद्यांसाठी पत्रं लिहिण्याची चळवळ उभी राहिली, जिला पुढे १९७७ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. आम्ही तोवर निवेदनं देत होतो, जिल्हाधिकाऱ्यांना, सामाजिक बहिष्कार प्रतिबंध अधिकारी नेमण्याची कायद्यात तरतूद आहे तो नेमा म्हणून. ती मुलगी म्हणाली, साहेबांना पुष्कळ लिहिलं, आता त्या घराला लिहू या. पोस्टकार्ड ५० पैशांना मिळतं. आठवडी बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडच्या बाहेर टेबल मांडलं. भाजी घ्यायला आलेली माणसं थांबायची, विचारायची, लिहायची. बहुतेकांना पोस्टकार्ड शेवटचं कधी लिहिलं ते आठवत नव्हतं. मजकूर कसले? "तुम्ही बरोबर केलंत." "आमच्या गावातही असंच झालं होतं, माझ्या काकाच्या वेळी." एका बाईनं नुसतं लिहिलं, "आमच्याकडे दळण आणा." खाली गिरणीचा पत्ता.

त्या घरी वर्षात चार-दोन पत्रं यायची, तीही बँकेची. आता पोस्टमन सायकलवरून गावाच्या मधल्या रस्त्यानं, देवळासमोरून, रोज त्यांच्या दारात. पोस्टकार्ड उघडंच असतं, त्यामुळे वाटेत कोण कोण वाचत होतं ते देव जाणे. गावात कुजबुज सुरू झाली की यांच्यामागे मोठी माणसं आहेत. मोठी कसली, भाजीवाल्या होत्या. पण गाव जो आकडा धरून चालला होता, एक घर विरुद्ध सगळे, तो तिथे बिघडला. म्हातारी ती कार्डं नातवाकडून वाचून घ्यायची आणि उशाखाली ठेवायची.

प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत आम्ही कायदा वाचायची परवानगी मागितली. ग्रामसेवकानं "इतर विषयां"मध्ये घेतलं, म्हणजे अगदी शेवटी. निम्मे लोक उठून गेले. बसले त्यात बायका जास्त होत्या. वाळीत टाकण्याच्या प्रकारांची कायद्यातली यादी वकीलताईंनी एकेक करून वाचली: लग्नाला, मयताला मज्जाव, धार्मिक विधीत भाग घेऊ न देणं, सार्वजनिक जागा वापरू न देणं, व्यवहार तोडणं. मागून एक म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, "हे तर सगळंच आपण केलंय." हशा पिकला. पंचही हसले, आणि तिथून काहीतरी हललं.

पुढचं लवकर झालं. मुंबई मंडळातल्या दोन-तीन शिकलेल्या मुलांनी, त्यातला एक रेल्वेत नोकरीला, विचारलं की उद्या दोषारोपपत्रात ग्रुपच्या ॲडमिनचं नाव आलं तर नोकरीचं काय. तत्त्वानं जे झालं नाही ते भीतीनं झालं. माझी तक्रार नाही. पंचांनी गुरुजींना निरोप धाडला. बैठक आमच्या दुकानात, मजकूर मी टाइप करायचा. एका वाक्यावर सगळी संध्याकाळ गेली. पंचांना हवं होतं: "गैरसमजातून निर्माण झालेली कटुता दोन्ही बाजूंनी दूर केली आहे." वहिनी म्हणाली, "आमची बाजू कुठली कटुता? आम्ही वर्गणी भरली." मी लिहायचो, पुसायचो. शेवटी ठरलं: गावकीनं केलेला दंड आणि व्यवहार न ठेवण्याबाबतची सूचना मागे घेतली आहे, कोणीही कोणाशीही संबंध ठेवण्यास मोकळा आहे. हे गावकीच्या बैठकीत वाचून दाखवायचं आणि ज्या ग्रुपवर आधीचा मेसेज टाकला त्याच ग्रुपवर टाकायचं. हा शेवटचा मुद्दा कंडक्टरकाकांचा. पंच तिथे सगळ्यात जास्त अडले.

मेसेज पडला. या वेळी खाली अंगठे थोडे कमी होते.

गिरण सुरू झाली. दुकानात माल मिळू लागला. जत्रेला पालखी त्यांच्या दारात आली, आणि थोरल्यानं नारळ फोडताना त्याचा हात किती थरथरत होता ते मुलांनी मला सांगितलं. मी गेलो नव्हतो. आम्ही अशा प्रसंगी जात नाही, तो त्यांचा दिवस असतो. म्हातारीची तब्येत उत्तम आहे, खांद्याचा प्रश्न इतक्यात येईल असं वाटत नाही.

काही घरं अजून बोलत नाहीत. त्याला आमच्याकडे कलम नाही. हुकूम काढून बोलायला बंदी करणं गुन्हा आहे, पण आपल्या मनानं तोंड फिरवणं गुन्हा नाही, आणि तसा तो असूही नये. मुख्य पंचांचा तो पहिला प्रश्न, बोला म्हणून जबरदस्ती करायची का, त्याचं उत्तर अजूनही "नाही" असंच आहे.

खटला चालू आहे. दोषारोपपत्रानंतर सहा महिन्यांत निकाल लागावा असं कायदा म्हणतो, आमच्या कोर्टात तारखा पडतायत. पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर तडजोडीनं प्रकरण मिटवता येतं. थोरला तयार आहे. धाकटा तर कधीचाच तयार आहे. वहिनी नाही. सगळे समजावून दमले. गुरुजींनीही तिला विचारलं, आता पालखीही आली, मग अडतंय कुठे? ती म्हणाली, "गुरुजी, पालखी यांना हवी होती. मी हिशोब मागितला होता. तो कुठाय?"

आणि खरंच, या सगळ्या धामधुमीत देवळाचा जमाखर्च कोणी वाचून दाखवलेलाच नाही. म्हणून मागच्या आठवड्यात ती एकटी दुकानात आली. देवस्थानाचा न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे का आणि असल्यास वार्षिक हिशेब दाखल केले आहेत का, एवढं विचारणारा अर्ज तिला करायचा होता. मी टाइप केला, तिनं दोनदा वाचला, एक शुद्धलेखनाची चूक काढली. मग दोन प्रती मागितल्या, एक पोच घ्यायला.